सेकंदाला पाच

कपातला चहा हलला. काठाशी एक बारीक कड उमटली, मधोमध आली आणि विरली – की विरली नाही, दुसरी आली म्हणून पहिली दिसेनाशी झाली? कप बाबांच्या उजव्या हातात, हात टेबलापासून वीतभर वर, आणि बाबांचं लक्ष खिडकीबाहेर. ठमीनं श्वास रोखून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... तेवढ्यात खालून एक जड गाडी गेली, तावदानं वाजली, टेबल हललं, तिच्या स्वतःच्या कपातला चहासुद्धा हलला, आणि सगळी मोजणी पाण्यात गेली. गाडीमुळंच हलला असेल. पण गाडी यायच्या आधी हलला होता ना? का गाडी आधी टेबलाला कळते आणि मग माणसाला?

"चहात माशी पडली का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग माझ्या कपात काय बघतेस? तुझ्या कपात तोच चहा आहे."

"हल्ली ती असंच बघते," आई आतून म्हणाली. "काल मी कांदा चिरत होते तर माझ्या हाताकडे बघत बसली. म्हटलं, बये, बघतेसच तर दोन चिरून दे."

बाबा हसले. कप बशीत ठेवताना खणकन आवाज झाला – पण तो कुणाचा होत नाही? – आणि ते जिना उतरून खाली दुकानात गेले. ठमीनं स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. बोटं किंचित थरथरत होती. आईचीही काल थरथरत होती, कांदा चिरताना. सगळ्या जगाचे हात थरथरतात, थोडे थोडे, हे तिला या नऊ दिवसांत कळलं होतं, पण त्याचा उपयोग काहीच झाला नव्हता.

नऊ दिवसांपूर्वीपर्यंत बाबांचे हात म्हणजे नुसते हात होते. रोज वापरातले, म्हणून कधी न पाहिलेले. आता तिला त्यांची नखंसुद्धा पाठ झाली होती. अंगठ्याच्या पेरावरचे सुईचे काळे ठिपके, कातरीनं मधल्या बोटावर पाडलेला घट्टा, मनगटावरचा इस्त्रीचा जुना डाग. आणि हे सगळं पाहताना ती जे शोधत होती ते कधी दिसायचं, कधी दिसायचं नाही, आणि दिसलं नाही की बरं वाटायच्या ऐवजी वाटायचं, लपवताहेत. काकासुद्धा लपवायचे. हात मांडीखाली दाबून बसायचे आणि वर म्हणायचे, थंडी फार आहे आज.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दुकान मूळचं त्यांचं. बाबांना कातर धरायला त्यांनीच शिकवलं. मग एका वर्षी त्यांचा उजवा अंगठा आपला आपण हलायला लागला, मग मनगट, आणि एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तिरकी कापली गेली. त्या दिवशी काकांनी कातर बाबांच्या हातात दिली ती पुन्हा मागितली नाही. डॉक्टर म्हणाले, कंपवात. चार वर्षांपूर्वी काका गेले, आणि तेव्हापासून घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. हे रक्तातून येतं का, हेही कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ठमीनं तरी विचारलं नव्हतं. बाबांचा हात हेच घर होतं. वरच्या दोन खोल्या, तिच्या कॉलेजची फी, आईचा चष्मा, सगळं त्या दहा बोटांतून निघत होतं, आणि म्हणूनच कुणी विचारत नसावं.

तर नऊ दिवसांपूर्वी, दुपारी, कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत...

पण त्याच्या आधी गाणं. तिसऱ्या वर्षाला तिघातिघांचे गट करून एकेका गाण्याचा व्हिडिओ करायचा असतो. हिच्या गटात गायक, खांब आणि ही. गायक हॉस्टेलवर राहणारा, गाणं त्यानंच लिहिलेलं आणि त्यानंच म्हटलेलं. खांब उंचीमुळं खांब, कॅमेरा त्याचा. आणि दिग्दर्शन व एडिटिंग ठमीकडे, कारण दहा तास खुर्चीत बसायची चिकाटी दुसऱ्या कुणात नव्हती. गाण्यात एक मुलगा घर सोडून शिकायला निघालाय आणि निघायच्या दिवशी त्याच्या शर्टाची शिवण उसवते. बस्स, एवढंच. गायकाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी बेचाळीस चिठ्ठ्या डकवल्या होत्या, एका शॉटला एक चिठ्ठी, आणि ठमीनं प्रत्येकीवर चित्र काढलं होतं, ज्यात सगळ्यांचे हात बटाट्यासारखे आले होते. शर्ट शिवणारा माणूस कोण, यावर दोन दिवस गेले. ठमीच्या डोक्यात नाट्यमंडळातला एक मुलगा होता, केसांना पावडर लावून. गायक म्हणाला, "पावडर कशाला? तुझे बाबा आहेत की."

ती म्हणाली, बघते. दुकान अंधारं आहे, म्हणाली. बाबांना वेळ नसतो, म्हणाली. खरं काय ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. एवढंच की, कॉलेजातल्या पोरांनी त्या दुकानात उभं राहून बाबांना बघावं, आणि मग तिला बघावं, आणि मनात दोन्ही जुळवून बघावं, हे तिला नको होतं. शूटिंगच्या दिवशी झालंही तसंच. बाबांनी दुकान झाडून, दाढी करून, चांगला शर्ट घातला होता. खांबाला बघताच म्हणाले, "तुझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. ते ओझं उजव्या खांद्यावर घेत जा." सगळे हसले. ठमीचे कान तापले, आणि त्या तापलेल्या कानांनी तिनं स्वतःचाच आवाज ऐकला: "मास्तर, जरा डावीकडे सरका."

मास्तर. गिऱ्हाइकं म्हणतात तसं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि सरकले. "बरं मॅडम," म्हणाले. चेष्टेतच म्हणाले असतील. दिवसभर मग ते तिला मॅडमच म्हणत राहिले, पोरांना मजा वाटली, आणि ठमीला कधी एकदा हे उरकतं असं झालं. हाताचे क्लोजअप तिनं घाईघाईनं घेतले, दुसऱ्या कॅमेऱ्यावर, खांबाच्या मावसभावाकडून मागून आणलेल्या. टेबलावर शर्ट, शर्टावर हात, हात सुई वर ओढतोय, दोरा ताणला जातोय. बाकी सगळं स्थिर. अकरा शॉट.

...तर नऊ दिवसांपूर्वी, दुपारी, त्या अकरांतला पहिला शॉट तिनं कॉम्प्युटरवर लावला आणि हात वर निघाला, आणि निघताना थरथरला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा थरथरला. शर्ट स्थिर, टेबल स्थिर, कातर स्थिर, हात तेवढा थरथरतोय. दुसरा शॉट लावला. तिसरा. मग ती बाण असलेलं बटण दाबून एकेक फ्रेम पुढं सरकवू लागली. चार फ्रेम हात अलगद सरकायचा आणि पाचवीला झटका. चार अलगद, पाचवीला झटका. एका सेकंदात पंचवीस फ्रेम. म्हणजे सेकंदाला पाच झटके. मग जे करू नये ते तिनं केलं, मोबाइलवर शोधलं. कंपवातात हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो, असं तिथं लिहिलं होतं. चार ते सहा. हिचे पाच आले होते, बरोबर मधोमध. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्या खुर्चीत तिला कळलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून तिनं बाबांना मनातल्या मनात तीनदा दवाखान्यात नेलं, दुकान विकलं, कॉलेज सोडलं, आईला बटणं लावायच्या कामाला बसवलं आणि स्वतः कुठल्याशा लग्नांच्या व्हिडिओवाल्याकडे नोकरी धरली. आणि प्रत्यक्षात मात्र काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. कुणाला सांगणार? सांगितलं की ते खरं होणार. मी काही डॉक्टर नाही, मला काय कळतं, असं ती स्वतःला म्हणायची, आणि मग वाटायचं, हात सगळ्यात जास्त वेळा मीच पाहिलेत, फ्रेम फ्रेम करून; डॉक्टरनं तरी असे पाहिले असते का?

आज शेवटचा दिवस होता. पाच वाजता हॉलमध्ये सरांसमोर सगळ्यांचे व्हिडिओ. ठमी एडिटिंगच्या खोलीत पोचली तेव्हा गायक तिची वाटच बघत होता, आणि काढायच्या शॉटची तिनं केलेली यादी त्यानं वाचली होती.

"हाताचे अकराच्या अकरा शॉट काढणार? का?"

"लांबट वाटतात."

"ठमे, तो हात म्हणजेच गाणं आहे. त्याच्या जागी काय घालणार?"

"मशीनचं चाक आहे. कातर आहे. इस्त्री आहे."

"म्हणजे इस्त्रीचा व्हिडिओ करायचा," गायक म्हणाला. मग जरा नरमून म्हणाला, "थोडे अडकतात ते शॉट, मान्य आहे. पण ते या खटाऱ्यामुळे. इथे सगळंच अडकतं."

खटारा म्हणजे कॉलेजचा कॉम्प्युटर. म्हातारा होता, खरंच सगळं अडकवत चालवायचा. तिला त्या पोराचा हेवा वाटला. त्याला दिसत होतं आणि कळत नव्हतं, किती सुखी होता. पडद्यावर पाच वाजता तो हात भिंतीएवढा मोठा होणार, आणि तीस-चाळीस जणांत एकाच्या तरी घरी असा एखादा काका असणार, आणि तो ओळखणार. मग व्हिडिओ मोबाइलवर फिरणार. मग एखादं गिऱ्हाईक म्हणणार, मास्तर, कोट राहू द्या या वेळी. हात दाखवून अवलक्षण. आणि दाखवणारी कोण, तर पोटची पोर.

"बाबांच्या सहीचा कागद आणलास का?" गायकानं विचारलं.

तो एक कागद होताच. व्हिडिओत जो दिसेल त्याची लेखी परवानगी, तिच्याशिवाय सर व्हिडिओ लावत नसत. हात काढले तरी बाबा दुकानाच्या मोठ्या शॉटमध्ये होते, त्यामुळं सही चुकत नव्हती. नऊ दिवस तो कागद पिशवीत होता. काकांची सही शेवटी मोहरीएवढी झाली होती, अक्षराला अक्षर चिकटलेलं, ते बघून बँकेतल्या माणसानं विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. बाबा सही करताना ती समोर असणार, आणि ती बघणार, आणि मग काही बघायचं उरणार नाही.

"दुपारी आणते," ती म्हणाली.

"लॅपटॉप घेऊन जा माझा. त्यात सगळं आहे. काढायचेच असतील तर त्यांना विचारून काढ. हात त्यांचा आहे."

हे तो सहज म्हणाला, पण तिला ते दुकानापर्यंत टोचत राहिलं.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबा टेबलावर कापड पसरून खडूनं खुणा करत होते. ठमीनं कागद पुढं केला. जमेल तेवढं सरळ बोलली: सही हवी, कॉलेजचा नियम आहे, इथे खाली.

बाबांनी चष्मा वर घेऊन कागद वाचला. सगळा वाचला. "सदर व्यक्तीस चित्रफीत दाखवण्यात आली असून..." ते मोठ्यानं म्हणाले आणि थांबले. "मला कुठं दाखवलीस?"

"वेळ नाही बाबा. पाचला लावायचाय. तुम्ही सही करा, मी मग दाखवते."

"न बघता मी कापडाला कातर लावत नाही," बाबा म्हणाले. "लाव."

ठमीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. मोठा शॉट लावला, दुकानाचा. बाबांना आपला शर्ट आवडला. मशीनचं चाक आवडलं. मग त्यांनी बोट दाखवून विचारलं, "आणि हे खाली काय आहे, वेगळं ठेवलेलं?" ते अकरा शॉट होते, काढून खाली ठेवलेले. खोटं बोलावं तर रेटून बोलावं, पण तिचा हात लॅपटॉप मिटायला पुढं झाला. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं आले नसतील. मॅडमना आवडले नाहीत."

"तसं नाही बाबा." आणि तसं नव्हतंच, पण तसं नाही तर कसं, हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. तिनं बटण दाबलं.

हात वर निघाला. झटका, झटका, झटका. ती पडद्याकडे बघत नव्हती, ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बाबांच्या कपाळावर एक आठी पडली. ते पुढं वाकले. "परत लाव," म्हणाले. तिनं लावला. "परत." आता त्यांचं मधलं बोट टेबलावर वाजत होतं, टक टक टक टक, एका लयीत, आणि ठमीला वाटलं, कळलं. कळलं त्यांना. आता ते खुर्चीत बसतील आणि हात मांडीखाली घेतील.

"हे टाका सोडतंय," बाबा म्हणाले.

"काय?"

"मशीन. टाका सोडतंय मशीन. सुई वाकली, नाहीतर चुकीच्या नंबरची घातली, की मशीन काय करतं? चार टाके नीट घालतं, पाचवा सोडतं. चार नीट, पाचवा सोडला. हे बघ." बोट पुन्हा वाजलं. "इतकं मोजून माणसाचा हात काही करत नाही. माझी हातशिलाई बघ, दोन टाके सारखे सापडायचे नाहीत. आणि हात थरथरला तर मागंपुढं होतो. हा मागं येतोच कुठं? नुसता पुढंच उडी मारतोय. मधलं काहीतरी गळलंय तुझं."

ठमी ऐकत होती आणि तिच्या डोक्यात कुठंतरी खोल एक खिटी निघाली. मधलं गळलंय. तिनं शॉटवर जाऊन माहिती उघडली. नऊ दिवसांत उघडली नव्हती. उघडायला दोन सेकंद लागले. सेकंदाला तीस फ्रेम, असं तिथं लिहिलं होतं. मावसभावाचा कॅमेरा तीसवर लावलेला होता, आणि तिनं गाणं बांधलं होतं पंचवीसवर. तिसातल्या पाच कॉम्प्युटरनं गुपचूप टाकून दिल्या होत्या, दर सेकंदाला, कुणाला न विचारता. सेकंदाला पाच. बाकी टेबल, शर्ट, कातर हलतच नव्हती, त्यांच्या फ्रेम गळल्या काय नि राहिल्या काय. हलत होता तो एकटा हात.

शॉट घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न असतात, पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेले: बॅटरी, कार्ड, प्रकाश, फोकस, आणि सेकंदाला फ्रेम किती. ते विचारायचं काम तिचं. सकाळी खांबाच्या कॅमेऱ्याला तिनं विचारले होते. दुसरा कॅमेरा बाहेर निघाला तेव्हा बाबा म्हणत होते, मॅडम, हात धुऊन येऊ का, आणि पोरं हसत होती, आणि तिनं म्हटलं होतं, चला, चला, घ्या लवकर.

तिला हसू आलं. पोटातून आलं, थांबेना, आणि हसता हसता केव्हा डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते कळलं नाही. जीव भांड्यात पडला असं म्हणतात; हिचा पडला तो चांगला आवाज करून पडला. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती, कापडावरची खडूची खूण तिच्या कोपरानं पुसली जात होती, आणि बाबा म्हणत होते, "अगं, कापड... काय झालं? एवढं काय त्यात, सुई बदल म्हणजे झालं."

"मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, काकांसारखं..."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"किती दिवस?"

"नऊ."

"म्हणून चहात बघत होतीस." "मला वाटलं, दुकानाची लाज वाटते. हात काळेबिळे दिसतात म्हणून बघतेस."

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी वाटली होती. थोडी."

"थोडी चालते," बाबा म्हणाले. त्यांनी पुसलेली खूण पुन्हा आखली, आखता आखताच, तिच्याकडे न बघता, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "मी रोज बघतो. दादा गेला तेव्हापासून. सकाळी दुकान उघडलं की जुन्या पेपरवर एक रेघ ओढायची, पट्टी न लावता, हातभर लांब. मग पट्टी लावून बघायची. सरळ आली की पेपर फाडून टाकायचा आणि कामाला लागायचं."

चार वर्षं. ठमी वर झोपलेली असायची, आई चहा ठेवत असायची, आणि खाली हे रेघ ओढत असायचे. तिचे नऊ दिवस तिला एकाएकी फार लहान वाटले, आणि आश्चर्य म्हणजे त्यानं मन जड न होता आणखी हलकंच झालं. भीती तिची एकटीची नव्हती. त्या भीतीला घर होतं, वेळ होती, तिची एक पद्धत होती; सकाळी दोन मिनिटं यायची आणि फाडून टाकली जायची.

"आणि वाकडी आली तर?"

"आली तर डॉक्टरकडं जायचं. अजून आली नाही." बाबांनी खडू ठेवला. "आता तू बघू नकोस. घरात एकानं बघितलं की पुरे. सही कुठं करू, मॅडम?"

सही मोठी आली, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर. ठमीनं ती बघितली. बघू नकोस म्हटल्यावर लगेचच बघितली, आणि कागद घडी करून पिशवीत टाकला. मग तिथंच टेबलावर तिनं ते अकरा शॉट दुरुस्त केले. तिसाच्या तीस फ्रेम ठेवायच्या आणि त्या पंचवीसच्या चालीनं चालवायच्या. ओठ हलत नव्हते, त्यामुळं गाण्याशी काही बिघडत नव्हतं. हात जरा सावकाश चालणार, पण एकही फ्रेम गळणार नाही. तिनं लावून दाखवला. हात वर निघाला, दोरा ताणत ताणत, कुठंही न अडकता, आणि वर जाऊन थांबला.

बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "चांगलं आहे," म्हणाले. "पण इतकं सावकाश शिवत असतो तर आपण उपाशी मेलो असतो."

कॉलेजकडे जाताना ती भरभर चालत होती. वाटेत हातच हात होते. तिकीट फाडणारे, फळं तोलणारे, लहान पोराचं नाक पुसणारे. सगळे थोडे थोडे थरथरत होते आणि आपापली कामं करत होते. थांब्यावर एक म्हातारा पेपर वाचत होता, पेपराचं टोक फडफडत होतं, वारा नव्हता. ठमीचा पाय अडखळला. ते अडखळणं तिनं ओळखलं, आणि म्हटलं, असू दे. झालेलं नाही म्हणजे पुढं होणार नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं, बाबांनीसुद्धा नाही. त्यांनी म्हटलं होतं, अजून आली नाही. तेवढं आजच्या दिवसाला पुरत होतं.

गायकाला तिनं दारातच सांगितलं की शॉट राहताहेत.

"विचारलंस त्यांना?"

"त्यांनीच दुरुस्त केले," ती म्हणाली, आणि कसे ते त्यानं विचारायच्या आधीच हॉलमध्ये शिरली.

पाच वाजता हॉलचे पडदे ओढले. सरांनी कागद तपासले, तिचा बघून मान हलवली. तिसरा नंबर या तिघांचा. ठमी मागच्या रांगेत बसली होती, शेजारी खांब, डावा खांदा खाली सोडून. पडद्यावर रस्ता आला, खोली आली, दुकान आलं. आणि मग हात आला, भिंतीएवढा, सावकाश, दोरा ओढत. हॉलमध्ये खुर्च्यांचा आवाज थांबला.

ठमीनं डोळे मिटले. बाबांनी बघू नकोस म्हटलं होतं म्हणून मिटले, की भीतीचा एखादा तुकडा अजून आत बसला होता म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही, आणि मिटलेल्या डोळ्यांनी ती ते शोधत असतानाच तिला गाणं ऐकू आलं. महिनाभर ते तिच्यासमोर होतं. या नऊ दिवसांत तर तिनं त्याचा प्रत्येक सेकंद शंभरदा चालवला होता, पण आवाज बंद करून, मोजताना मध्ये येऊ नये म्हणून. आणि त्याआधी शब्द म्हणजे फक्त कुठं कापायचं त्याच्या खुणा होत्या. आता शब्द आले. शर्ट शिवून झालाय, मुलगा दारात उभा आहे, शिवणाऱ्याला काही म्हणायचंय आणि तो म्हणतोय, कॉलर बघ, नीट बसतेय का. बस्स. तेवढंच म्हणतोय, दोनदा. गायकाच्या आवाजात तिथं एक खरखर होती, तीही तिनं कधी ऐकली नव्हती.

चांगलं होतं गाणं. खरंच चांगलं होतं. डोळे मिटून ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की, दुपारी दुकानात बाबांना तिनं नुसता हात दाखवला होता, आवाज न लावता, आणि त्यांनी तो तसाच शेवटपर्यंत पाहिला होता, आणि हे कशाचं गाणं आहे ते त्यांनी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.